करंगळीचा धागा

आमच्याकडे सोयरीक पाहायला आलेल्या बायका मुलीचे नाकडोळे नंतर पाहत, आधी कोपर पाहत. बांगड्यांचं कौतुक करत हात हातात घ्यायचा आणि बोलता बोलता अंगठा कोपराच्या आतल्या बाजूला नेऊन तिथली शीर चाचपायची. शीर दोरीसारखी जाड लागली की चहा संपवून उठायचं आणि कळवतो म्हणून निघून जायचं. महारोग आधी कोपराच्या शिरेत बसतो, हे धानोऱ्याकडच्या जंगलपट्टीत प्रत्येक बाईला पक्कं ठाऊक होतं. मला पाहायला आल्या तेव्हा सासूबाईंनीही माझं कोपर असंच चाचपलं होतं. त्यांचा अंगठा फार वेळ तिथं राहिला तेव्हा मी विचारलं होतं, "काऊन?" सून म्हणून पाहिलेल्या मुलीनं असं विचारलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं. तरीही पसंत केलं.

माझे वडील गडचिरोलीला शाळामास्तर. त्यांनी मला सातवीपर्यंत शिकवलं आणि त्याहून वाईट म्हणजे प्रश्न विचारायला शिकवलं. सासरी धानाची शेती, मोहाच्या हंगामात मोहफुलं वेचणं, पावसाळ्यात रोवणी. मी सगळं करत असे, पण प्रत्येक गोष्टीला शेपूट लावून. हिले 'काऊन'शिवाय दुसरा शब्द येत नाई, असं सासूबाई शेजारणींना सांगत. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे मला कधी कळलं नाही. राग मात्र माझ्या नाकावर असे आणि त्यांच्याही, त्यामुळे आमचं बरं जमत होतं.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. माझी मुलगी नुकती पावलं टाकायला लागली होती. त्या वर्षी नणंदेला पाहायला माणसं आली. मी पाण्याचे पेले घेऊन गेले तर त्यांच्यातल्या एका म्हातारीनं सवयीनं माझाही हात धरला. कोपराच्या वर आतल्या बाजूला तिचा अंगठा थांबला आणि माझ्या करंगळीपर्यंत मुंग्यांची रांग सळसळत गेली. पेला हातातून पडला. तिथं चिंचोक्याएवढी गाठ आहे हे मला काही महिन्यांपासून माहीत होतं. मुसळाचा धक्का तिथं लागला की अशाच मुंग्या येत. मी ती कोणाला दाखवली नव्हती, कारण दुखत नव्हती. म्हातारीनं हात सोडला. मंडळी चहा पिऊन उठली आणि कळवतो म्हणाली.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी माझा हात उजेडात नेऊन पाहिला आणि मुलीला माझ्या कडेवरून घेतलं. माझं ताट वेगळं झालं, अंथरूण गुरांच्या कोठ्याच्या पडवीत गेलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी मारलं नाही. मुलगी मला अंगणापलीकडून दिसायची, तिला माझ्याकडे यायचं असायचं आणि नणंद तिला उचलून आत न्यायची. नवरा मुळात घुम्या, तो आणखी घुम्या झाला. मला त्याचा इतका संताप आला की त्याच्या जागी बैल असता तर निदान हंबरला असता, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो कोठ्याच्या दाराशी उभा राहून रडला, आणि मग मलाच त्याची समजूत काढावी लागली.

वडिलांना निरोप गेला. ते आले आणि म्हणाले, चांद्याच्या दवाखान्यात एक शस्त्रक्रियेचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. महारोगच निघाला तर तसं कळेल, नाही निघाला तर पोर आईला परत द्या. सासूबाईंनी मुलीला नणंदेकडे दिलं. मग म्हणाल्या की मीही येते. सून मी पाहून आणली, तेव्हा हात साफ होता, आता काय आहे तेही मीच पाहीन. आपला अंगठा चुकला असं कोणी म्हणावं हे त्यांना सहन होणारं नव्हतं.

बैलगाडीनं गडचिरोली, नावेनं वैनगंगा, मग मोटारीनं मूल आणि तिथून छोट्या आगगाडीनं चांदा. साऱ्या वाटेत सासूबाई माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसल्या, पण भाकरी मात्र त्यांनीच बांधून आणलेली होती आणि आधी मला दिली.

डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला मोकळे आणि हात धुण्याच्या बाबतीत अतिशय काटेकोर. त्यांनी माझ्या अंगावर कुठे बधिर चट्टा आहे का ते पाहिलं, कानाच्या पाळीतून थोडा रस काढून काचेवर घेतला. मग गाठ दोन बोटांत धरून हलवली. ती डावीकडे उजवीकडे सरकत होती, वरखाली सरकत नव्हती. मी विचारलं की असं का. कारण ती शिरेतच आहे, ते म्हणाले, म्हणजे स्पर्श आणि हालचाल वाहून नेणाऱ्या धाग्यांच्या जुडीत; ताणलेल्या दोरीतली गाठ आडवी हलते, दोरीवरून सरकत नाही, तशी. महारोगात शीर बरीच लांबवर सुजते, अशी एकाच जागी गोल गाठ सहसा येत नाही. काचेवर जंतू सापडले नाहीत. ही शिरेच्या वेष्टणाची गाठ असावी, पण काढून पाहिल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. आणि काढताना शिरेचे चांगले धागे तुटले तर हात पंजासारखा वाकडा होईल, हेही सांगितलं. वाकडा पंजा म्हणजे आमच्या गावात काय, हे आम्हा तिघांनाही वेगळं सांगायची गरज नव्हती.

काढायला घेऊ की नको हे ठरायच्या आधी मी दवाखान्याच्या ओसरीत बसून राहत असे. तिथंच एक दिवस डोळ्यांचा प्रकार पाहिला. धानाची मळणी सुरू झाली की आमच्याकडे कितीतरी जणांच्या डोळ्यांत कुसळ जातं. असाच एक शेतकरी आला होता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यात नारिंगी रंगाचं औषध टाकलं, पाण्यानं धुतलं आणि निळ्या उजेडात पाहिलं. डोळ्याच्या काळ्या भागावर जिथं ओरखडा होता तिथं हिरवी रेघ उजळली. बाकी डोळा जसाच्या तसा. मी उठून जवळ गेले. सासूबाईही आल्या, हातभर अंतर विसरून.

तो रंग फक्त जखमेलाच का धरतो, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, धड कातडी त्याला आत येऊ देत नाही, फाटलेली देते. मग मी विचारलं की शिरेलाही अशी कातडी असते का. ते माझ्याकडे बघतच राहिले. मी काही फार हुशारीचं विचारलं नव्हतं, मला आपलं माझ्या शिरेचं पडलं होतं. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगायला लागले की परदेशातल्या डॉक्टरांनी मेंदूतल्या गाठी याच रंगानं शोधल्याचं त्यांनी एका मासिकात वाचलं आहे. रंग रक्तात टोचतात. निरोगी मेंदूत आणि निरोगी शिरेत रक्तातलं वाटेल ते झिरपत नाही, तिथलं विणकाम घट्ट असतं. गाठीचं विणकाम सैल, तिथं रंग झिरपतो आणि जांभळ्या दिव्याखाली चमकतो. म्हणजे गाठ उजळेल आणि चांगले धागे काळे राहतील. हातातल्या शिरेवर असं कोणी केल्याचं मी वाचलेलं नाही, तेव्हा जमेलच असं नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मी म्हटलं, करून पाहू. वडिलांचा चेहरा उतरला. सासूबाई म्हणाल्या, "हिले हो म्हणाची घाई झाली. नाई जमलं त मंग?" डॉक्टर म्हणाले की नाही जमलं तर रंगाशिवाय काढतो तसं काढीन, रंगामुळे नुकसान होणार नाही, फक्त मळमळेल आणि बाई पिवळ्या दिसतील. टोचायचा रंग नागपूरहून मागवावा लागला. तो येईपर्यंत मला मुलीची इतकी आठवण यायची की ओसरीत कोणाचंही मूल रडलं तरी मी उठून उभी राहायची.

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या खिडक्यांना काळी घोंगडी लावली होती. मला पूर्ण झोपवणार नव्हते. धागा ओळखायचा असेल तर ही जागी हवी, असं डॉक्टरांचं म्हणणं. कापायच्या जागेभोवती सुया टोचून कातडी बधिर केली. दुसऱ्या हाताच्या रक्तवाहिनीत तो नारिंगी रंग गेला तेव्हा अंगातून गरम लाट गेली आणि पोटातलं सगळं घशाशी आलं. नर्सनं टोपलं धरलं. माझ्या आणि कापायच्या हाताच्या मध्ये चादर होती, म्हणजे सगळ्या जगाला दिसणार आणि मलाच नाही. मी कुरकुर केली. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला माझ्याच हातासाठी आरसा मागावा लागला. नर्सनं डॉक्टरांकडे पाहिलं, ते हो म्हणाले, आणि तिनं लांबून एक आरसा कलता धरला.

मग दिवे गेले आणि जांभळा दिवा लागला. आधी मला भुतंच दिसली. डॉक्टरांचा अंगरखा निळसर पांढरा पेटल्यासारखा, चादर तशीच. मी आ वासून पाहत होते तर नर्स म्हणाली, तोंड मिटा, तुमचे दात चमकताहेत. मला हसू आलं, डॉक्टरांनी हलू नका म्हणून दटावलं.

आरशात माझा हात उघडा होता. भोवतीचं मांस मंद पिवळट. त्याच्या मध्ये गाठ, हिरवीपिवळी, स्वतःच उजेड टाकत असल्यासारखी. पावसाळ्यात जंगलात सडक्या लाकडावर असा उजेड कधीतरी दिसतो, तसाच थंड. आणि तिच्यावरून काळे धागे गेलेले, माझे धागे, ज्यांनी मी आजवर भात कालवला आणि मुलीला न्हाऊ घातलं. भीती वाटायला हवी होती. मला वाटत होतं की वडील इथं हवे होते, त्यांना हे दाखवता आलं असतं.

साधा दिवा लावायचा, थोडं सोडवायचं, तो घालवून जांभळ्या उजेडात पाहायचं, असं चाललं होतं. डॉक्टर काळे धागे एकेक करून गाठीवरून बाजूला सारत होते. मग ते थांबले. पुन्हा अंधार केला, वाकून पाहिलं, चिमट्यानं काहीतरी हलकेच धरलं. माझ्या करंगळीच्या टोकाला वीज चमकली.

"कुठे लागलं?" त्यांनी विचारलं.

मी करंगळी म्हटलं. बोट हललं नाही, असं नर्सनं सांगितलं. डॉक्टरांनी चिमटा बाजूला ठेवला. मग त्यांनी मला सगळं समजावलं. बाकीचे धागे सुटले. हा एकच गाठीच्या वरून जात नाही, आत शिरतो. तो बोट हलवणारा नाही, फक्त स्पर्श कळवणारा आहे. त्याला वाचवायचं तर हिरव्यातला थोडा भाग आत ठेवावा लागेल आणि गाठ पुन्हा वाढू शकेल, तेव्हा बाकीचे धागे असे सुटतील की नाही सांगता येत नाही. कापला तर गाठ पूर्ण जाईल, पण करंगळी जन्मभर बधिर.

गावात बधिर बोट म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं, म्हणून तर ते विचारत होते. महारोग नाही हे दाखवायला मी चांद्याला आले होते आणि महारोगाची खूण घेऊन परत जाणार होते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मला त्या एका धाग्याचा असा राग आला की काय सांगू. सगळे शहाण्यासारखे वरून गेले आणि हाच नेमका आत घुसला, माझाच स्वभाव घेऊन.

मी विचारलं, "लेकराले उचलता येईन?"

घाईत मी त्यांच्याशी गावाकडच्या बोलीत बोलले. ते म्हणाले की येईल, धरायचं काम दुसऱ्या धाग्यांचं आहे.

"मंग कापा."

शिवायच्या आधी डॉक्टरांनी सासूबाईंना आत बोलावलं. असं कोणी करत नसेल, पण ही बाई स्वतः पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. तोंडाला फडकं बांधून, अनवाणी, त्या दाराशीच उभ्या राहिल्या. अंधार केला. तबकात गाठ चमकत होती. डॉक्टर त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. मग सासूबाईंनी माझ्या उघड्या हाताकडे बोट करून विचारलं, "अन् आत? आत काई चमकून राह्यलं का?" डॉक्टरांनी दिवा हातावर धरला. शीर सबंध काळी होती. सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं आणि बाहेर गेल्या.

संध्याकाळपर्यंत मी हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी झाले होते, डोळेसुद्धा. डॉक्टरांनी आधी सांगूनही सासूबाईंचा धीर सुटला. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नातलगानं कावीळ उतरवणारा माणूस आणून दिला. त्यानं माझे हात चुन्याच्या पाण्यानं धुतले, परातीत पिवळं पाणी जमलं, सासूबाईंनी समाधानानं पाहिलं. सकाळी माझा रंग पूर्ववत झाला होता. रंग आपोआपच उतरणार होता, मी सांगून दमले. मग डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी मला एकच विचारलं, परातीतलं पाणी जांभळ्या दिव्याखाली पाहिलंस का. ते मला सुचलं नव्हतं. त्याची चुटपुट मला अजून आहे.

टाके निघाल्यावर आम्ही परत निघालो. गाठ तपासून डॉक्टरांनी महारोग नसल्याचं वडिलांना ठामपणे सांगितलं होतं. करंगळीचं मात्र मी सासूबाईंना काही बोलले नव्हते. नावेत बसल्यावर सांगू, गाडीत बसल्यावर सांगू, असं करता करता गाव आलं. मुलगी नणंदेच्या कडेवर दारात उभी होती. मी हात पुढे केले आणि सासूबाई म्हणाल्या, "थांब जराशी." अंगणात बायका जमलेल्या होत्या.

त्यांच्यातली सगळ्यांत जाणती बाई बाभळीचा काटा घेऊन आली. मला अंगणात बसवून डोळे मिटायला लावले. अंगठ्याला टोचलं, मी टोचलं म्हटलं. मग पुढचं बोट, मग मधलं. ती क्रमानं चालली होती. करंगळी शेवटची आहे हे मिटल्या डोळ्यांनाही कळत होतं. योग्य वेळी "टोचलं" एवढं म्हणायचं होतं, पोर माझ्या कडेवर आली असती. अनामिकेला टोचल्याचं कळलं. मग काहीच कळलं नाही. मी वाट पाहिली.

मी डोळे उघडले. काटा करंगळीत रुतलेला होता आणि थेंबभर रक्त आलं होतं.

"नाई समजलं," मी म्हटलं.

बायका एक पाऊल मागे सरल्या. मी सांगायला सुरुवात केली, रंग, दिवा, धागा, पण माझा आवाज चढत गेला आणि शब्द एकमेकांत अडकले. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. त्यांनी काटा उपटून टाकला.

"ते बोट मले ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा धागा गाठीसंगं गेला. डॉक्टरनं मले तवाच सांगितलं, अन् म्या माह्या डोळ्यानं हात आतून पाह्यला. तुमच्यापैकी कोणं कोणाचा हात आतून पाह्यला आहे?"

कोणी पाहिलेला नव्हता. त्यांनी नणंदेकडून मुलीला घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मला हुंदका आला तो आवरला नाही. सारी वाट ही बाई त्या बोटाची गोष्ट पोटात ठेवून बसली होती आणि मी कशी सांगते याची वाट पाहत होती.

मुलगी मात्र रडायला लागली. तिला मी ओळखीची राहिले नव्हते. ती आजीकडे हात करत होती, पाठीची कमान करून निसटत होती. सासूबाईंनी तिला घेतलं नाही, त्या आत निघून गेल्या. मी तिला घेऊन पडवीत बसले. रडून रडून ती दमली, मग माझ्या बांगड्यांशी खेळली, आणि दुपारी कधीतरी माझ्या मांडीवर झोपून गेली. झोपताना तिनं मुठीत माझं बोट धरलं, नेमकी करंगळी. तिनं ती धरून ठेवली आहे की सोडून दिली आहे, हे पाहिल्याशिवाय मला कळत नव्हतं. म्हणून दुपारभर मी पाहत बसले.